तिसावं बाळ

चंद्रकलाने दोन्ही तळहात एकमेकांवर घासले, स्वतःच्या गालाला लावून ऊब पाहिली आणि मगच बाळाचं दुपटं सोडलं. बाळ झोपेत होतं. तिने लगेच हात लावला नाही. नुसतं बघत उभी राहिली. रंग कसा आहे, श्वास किती भरभर चाललाय, दोन्ही हात सारखे हलतात का. हे मीच शिकवलेलं होतं. बाळ दिसलं की बायकांचे हात आधी पुढे जातात आणि डोळे मागाहून. ते उलटं करायला मला प्रत्येक तुकडीत पंधरा दिवस लागायचे. चंद्रकलाला एक दिवस लागला होता.

मग तिने छातीवर नळी टेकवली. बाळ शांत आहे तोवर हृदय ऐकून घ्यायचं, एकदा भोकाड पसरलं की काही ऐकू येत नाही. त्यानंतर डोकं, डोळे, कान. करंगळी तोंडात घालून वरचा टाळा. गळ्याची हाडं, पोट, जांघेतली नाडी. पालथं करून पाठीचा कणा. खुबे अगदी शेवटी, कारण खुबे पाहताना बाळ रडतंच. गुडघे दुमडून मांड्या हळूच बाहेर, मग आत, एकेक बाजू धरून. बाळाने अख्खा वॉर्ड जागा केला. तिने त्याला गुंडाळून आईच्या कुशीत दिलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते.

“झालं जी मॅडम,” ती म्हणाली आणि तपासणीची वही माझ्यापुढे उघडून धरली. तिसाव्या ओळीतले सगळे रकाने भरलेले होते. शेवटचा तेवढा रिकामा होता. तो माझ्या सहीचा.

वॉर्डाच्या दाराशी तिची पिशवी भरून ठेवलेली होती. तिच्या गावाकडे दिवसाला एकच बस जायची, दुपारी एकला.

“डावा खुबा घाईत पाहिलास,” मी म्हटलं. “हे बाळ मी मोजणीत धरणार नाही.”

“घाईत कुठं जी?”

“तुझं लक्ष घड्याळाकडे होतं.”

“मग मी अजून एकदा करतो. आत्ता करतो.” आमच्या नगरकडे बाई ‘करते’ म्हणते, तिच्या मुलखात ‘करतो’ म्हणतात. मला ते एव्हाना आवडायला लागलं होतं.

“रडवलेलं बाळ लगेच पुन्हा उघडायचं नसतं. उद्या दुसरं बघ.”

“उद्या डॉक्टरसाहेब नाहीत जी. आज रात्रीच्या गाडीनं चालले ते. आठ दिवस नाहीत.”

“ते काय माझ्या हातात आहे का?” मी वही मिटून तिच्या हातात दिली.

तिने वही काखेत मारली. दाराशी जाऊन पिशवी उचलली आणि पुन्हा माझ्या क्वार्टरवर ठेवून आली.

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. मी एस्तेर आढाव, मूळची नगरची, चंद्रपूरच्याही पलीकडे जंगलाच्या कडेला असलेल्या एका इस्पितळात सिस्टर ट्यूटर होते. दूरदूरच्या उपकेंद्रांवरच्या नर्सबाया आमच्याकडे सहा आठवड्यांसाठी यायच्या. बाळंतपणं त्या डोळे मिटून करत, पण जन्मलेलं बाळ नखशिखांत तपासायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. बाळ रडलं, लघवी झाली, वजन केलं, की संपलं. त्यांच्या गावापासून डॉक्टर साठ-सत्तर किलोमीटरवर. हृदयातलं भोक, सरकलेला खुबा, आंधळा डोळा हे सगळं त्यांच्या हातांना नाही सापडलं तर कुणाच्याच हातांना सापडणार नव्हतं. मी पहिल्याच दिवशी हे सांगायची, आणि जरा जास्तच जोरात सांगायची. पाठीमागे मला ‘फौजदारीण’ म्हणत, ते मला माहीत होतं.

प्रत्येकीने माझ्या देखत तीस बाळं तपासायची. प्रत्येक बाळाला माझी सही. तिसाव्या बाळाला माझी सही झाली की बालरोगाचे डॉक्टर किन्हीकर तेच बाळ पुन्हा तपासत. दोघांचं जुळलं की प्रमाणपत्र घेऊन घरी. मध्येच दोन दिवस जरी कुणी गेली, तरी केलेलं सगळं बाद आणि पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात. असा नियम होता.

चंद्रकला नैताम तेव्हा सव्वीस-सत्तावीसची असेल. काळीसावळी, उंच, हसली की एका गालात खळी. तिची मुलगी मैना सात महिन्यांची होती. ‘लहान मुलांना सोबत आणू नये’ असं पत्रात छापलेलं, म्हणून मुलीला जावेजवळ ठेवून आली होती. जावेचंही अंगावर पिणारं मूल होतं, तेव्हा मैनाची आबाळ होणार नव्हती. प्रश्न चंद्रकलाच्या दुधाचा होता.

“सहा आठवडे टिकवलं पायजे जी,” तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. “टिकलं तं पोरगी आपोआप ओढंन. नाही टिकलं तं ते मोठ्या मायचीच होऊन जाईन.”

म्हणून ती दर तीन-चार तासांनी मोरीत जाऊन दूध काढायची. म्हणून ती दिवस-रात्र न बघता बाळंतपणाच्या खोलीबाहेर बसून राहायची आणि नवं बाळ आलं की सगळ्यांच्या आधी हात घासत उभी. बाकीच्या पाचजणी पंधरा-सोळा बाळांवर होत्या तेव्हा चौथ्या आठवड्यात हिची एकोणतीस झाली होती. वॉर्डात कुठलंही बाळ रडलं की तिच्या झग्यावर छातीशी दोन ओले डाग उमटायचे. ती वही छातीशी धरून ते झाकायची. बाकीच्या तिला चिडवायच्या, “बाई, परक्याच्या लेकरालेही पाजतं का काय वो तू?” तीही हसायची.

वसतिगृहात पाचच खाटा होत्या, म्हणून सहावी मी माझ्या क्वार्टरवर नेली. नाखुशीनेच. अकरा वर्षं त्या दोन खोल्यांत मी एकटी राहिले होते. माझं लग्न ठरता ठरता राहिलं ते राहिलंच, आणि वय सेहेचाळीस झालं की लोक विचारायचंही सोडतात. सगळं माझ्या शिस्तीत होतं. कपबशी जिथल्या तिथे, चप्पल जिथल्या तिथे.

चंद्रकलाने चार दिवसांत शिस्तीचा बट्ट्याबोळ केला. माझ्या गाळणीने तांदूळ धुतले. दोरीवर तिचे कपडे, खिडकीत तिचा आरसा. संध्याकाळी मी दारात पाऊल टाकलं की आतून विचारायची, “मॅडम, भात टाकू का जी?” एवढंच. पण मला त्या घरात तोवर कुणी काही विचारलेलं नव्हतं. मी मुद्दाम पायरीवर चपला वाजवायला लागले, तिला कळावं म्हणून.

रविवारी मी आमच्या देवळात, म्हणजे चर्चला, जायला निघाले की ती म्हणायची, “तुमच्या देवाले रविवारीच वेळ असते का जी?”

“आणि तुमच्या?”

“आमचा रिकामाच बसला असते झाडाखाली. कवाबी जा.”

एकदा तिने मला पाठमोरी बसवून डोक्याला तेल लावलं. मी नको नको म्हणत होते. तिची बोटं केसांत शिरली आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी म्हटलं, तेल झोंबलं. खोबरेल तेल कधी झोंबतं का? पण ती म्हणाली, “झोंबते जी कधीकधी.”

तर अशी ती पिशवी परत ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, “मी दोन दिवस जाऊन येऊ का जी? पोरीले पाजून लगेच येतो.”

“नियम माहीत आहे ना तुला?”

“तुमी वरच्या साहेबांले चिठ्ठी लिवली तं?”

“ते ऐकणार नाहीत,” मी म्हटलं. मी विचारलंच नव्हतं.

त्या आठ दिवसांत ती आणखी चार बाळं तपासून बसली, नुसती हात बसावेत म्हणून. डॉक्टर नसताना त्यांतलं एकही तिसावं म्हणून धरता येत नव्हतं. राहिलेल्या वेळात ती दूध काढत होती. दूध मोरीत ओतायचं नाही, अशी तिच्याकडची रीत. ती पेला घेऊन मागच्या अंगणात जायची आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायची. पहिल्या दिवशी स्टीलचा पेला अर्धा होता. चौथ्या दिवशी पाव. सहाव्या दिवशी ती अंगणात गेलीच नाही, पेला हातात घेऊन मोरीच्या दाराशी बराच वेळ उभी होती.

“आटत चाललं जी,” ती वरण घोटता घोटता म्हणाली.

“घरी गेलीस की येईल पुन्हा. मूल ओढायला लागलं की येतं.”

“येते ना जी?”

“येतं,” मी म्हटलं. पुस्तकात तसं लिहिलेलं होतं. दर वेळी येत नाही, हे पुस्तकात नव्हतं, पण मी पंचवीस वर्षं वॉर्डात काढली होती.

त्याच दिवशी एका बस कंडक्टरने तिच्या नवऱ्याची चिठ्ठी आणून दिली. तिने ती मला वाचून दाखवली. धानाची कापणी झाली, बकरी व्याली, वहिनीची तब्येत ठीक. ‘मैना आता वहिनीजवळ चांगली राहते. पहिले रडत होती, आता रडत नाही. तू काळजी करू नको.’ वाचताना ती हसत होती. शेवटच्या ओळीपाशी आली, चिठ्ठीची घडी घातली, आणि म्हणाली, “बरं झालं. रडत नाही.” मग बऱ्याच वेळाने तीच ओळ पुन्हा म्हणाली.

त्या दिवशी मी देवाकडे काय मागितलं ते मला आठवतं. ‘हिचं दूध टिकू दे’ असं मी मागितलं, आणि ‘पण ही आणखी थोडी राहू दे’ असंही मागितलं. दोन्ही एकाच दमात.

डॉक्टर किन्हीकर नवव्या दिवशी आले. त्या दिवशी वॉर्डात एकच नवं बाळ होतं, एक दिवसाची मुलगी. पहिलटकरणीचं. बाई आतल्या कुठल्याशा खेड्यातली, वीस वर्षांचीही नसेल. खाटेजवळ तिची सासू बसली होती आणि कालपासून एकच धोशा लावून होती की हिच्या अंगाला दूधच नाही, पोरगी उपाशी मरते. बाळ आईच्या छातीला लागायचं, दोनदा ओढायचं, सोडून किंचाळायचं. सकाळच्या फेरीत डॉक्टरांनी बॅटरी मारून तोंडात पाहिलं होतं आणि कागदावर ‘सर्व ठीक’ लिहिलं होतं.

चंद्रकलाने हात घासले. गालाला लावून पाहिले. मी आता घड्याळाकडे बघत होते, ती नव्हती.

छाती झाली, डोकं झालं, डोळे झाले. तिने करंगळी बाळाच्या तोंडात घातली. बाळ चोखायला लागलं. तिची करंगळी टाळ्यावरून मागे सरकली आणि थांबली. पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली.

“मॅडम,” ती हळूच म्हणाली. “मागं उघडं हाये.”

“काय उघडं?”

“टाळा. समोर हाड बरोबर हाये, मागं नरम भागात फट हाये. पाहा जी तुमी.”

मी करंगळी घातली. चिंचोक्याएवढी फट होती, अगदी मागे. बॅटरीने दिसली नसती. बोट शेवटपर्यंत नेलं तरच लागणारी. बाळाला दूध ओढताच येत नव्हतं, आणि दोष आईच्या माथी मारला जात होता.

डॉक्टर आले. आधी बॅटरी मारली. “सिस्टर, मला तर काही दिसत नाही.”

“पाहू नका जी साहेब, बोट घाला,” चंद्रकला म्हणाली.

मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी बोट घातलं. ते अगदी मागेपर्यंत नेलं. मग सकाळच्या कागदावरचं ‘सर्व ठीक’ स्वतःच्या हाताने खोडलं. जाता जाता मला म्हणाले, “आढाव सिस्टर, हिला इथेच ठेवून घ्या. हिला सोडू नका.”

ते सहज बोलले. मी मात्र घाईघाईने वही उघडली.

मी सही केली. पावणेबारा झाले होते. “जा,” मी म्हटलं. “बस गाठ. प्रमाणपत्र मी पोस्टाने पाठवीन. जा लवकर.”

तिने पिशवी उचललीसुद्धा. मग खाटेकडे पाहिलं. ती पोर पदर तोंडात कोंबून रडत होती. तिची छाती दगडासारखी टणक झाली होती, आणि सासू अजून म्हणत होती की दूध नाही. चंद्रकलाने पिशवी खाली ठेवली.

“हिले दूध काढायचं दाखवून जातो जी. बोंडल्यानं पाजता येईन.”

“मी दाखवते. तू निघ.”

“तुमाले नाही जमणार जी,” ती म्हणाली.

तिच्या मनात काही नव्हतं. खरं होतं तेच ती बोलली. मी दर तुकडीला दूध काढणं शिकवायची ते तक्त्यावरच्या चित्रावरून. माझ्या हाताखालून हजारो बाळं गेली असतील, पण दूध काढणं माझ्या हातांना ठाऊक नव्हतं.

तिने गरम पाण्यात फडकं पिळलं, त्या पोरीची छाती शेकली. मग तिच्या हातावर आपला हात ठेवून दाखवायला लागली. “असं मागं धर. बरगडीकडे दाब. आता पुढं सोड. वढू नको, दुखते. दाब, सोड.” बराच वेळ काही आलं नाही. सासू तोंड वाकडं करून बसली. मग वाटीत एक थेंब पडला, दुसरा पडला, आणि एकदम धार लागली. ती पोर दुखत असतानाही हसली. तिने सासूकडे पाहिलं, आणि सासू दुसरीकडे पाहायला लागली.

चंद्रकलाने बाळाला उभं धरलं, चोचीचं बोंडलं ओठाशी लावलं आणि थेंब थेंब सोडत गेली. बाळ गिळत होतं. मध्येच ठसकलं, रडलं, अगदी भुकेल्या बाळाचं रडणं. चंद्रकलाचा हात सवयीने वहीसाठी गेला, छाती झाकायला. मग तिने मान खाली घालून झग्याकडे पाहिलं. झगा कोरडा होता. बाळ रडत होतं आणि झगा कोरडाच होता.

तिने वर पाहिलं. मी तिच्याकडेच बघत होते.

“बस गेली असन जी आता,” ती म्हणाली आणि पुन्हा बोंडलं भरलं.

दुसऱ्या दिवशीच्या बसने ती गेली. स्टँडवर मला खूप बोलायचं होतं. मी बोलले ते एवढंच, की डबा वरच्या बाजूला ठेव, सांडेल. ती पाया पडली. बस गेल्यावर मी सरळ वॉर्डात गेले आणि त्या पाचजणींवर विनाकारण आग पाखडली. संध्याकाळी पायरीवर चपला वाजवल्या. सवयीनेच. आत अंधार होता.

शिकून गेलेल्या प्रत्येकीच्या उपकेंद्राला वर्षभरात एकदा भेट देणं माझ्या कामातच होतं. बाकी पाचजणींकडे मी सहा महिन्यांत जाऊन आले. चंद्रकलाकडे जायला मला दहा महिने लागले. तिची दोन पत्रं आली होती, दोन्ही कामाची. नाडी लागत नाही तर काय करावं, डोळ्यात पांढरं दिसलं तर कुठे पाठवावं. मैनाचं नाव त्यांत नव्हतं. मी रोज एखादं पत्र मनात लिहायची आणि कागदावर मात्र नाडीचंच उत्तर द्यायची. तिची आठवण येत नाही असा दिवस गेला नाही, हे आता सांगायला काय हरकत आहे?

तिचं काम चोख होतं. दहा महिन्यांत एक्केचाळीस बाळं तपासली होती. एकाचं हृदय तिला वेगळं ऐकू आलं, त्याला तिने स्वतः बसमध्ये बसून नागपूरला पोचवलं होतं. गावात म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणत. सिस्टरनं सांगितलं, सिस्टरले विचारा.

दुपारी ती मला घरी जेवायला घेऊन गेली. अंगणात तिची थोरली जाऊ धान पाखडत होती. दोन लेकरं आसपास खेळत होती. चंद्रकलाने मला खाटेवर बसवलं आणि स्वतः तांदूळ धुवायला बसली.

त्यातली छोटी पळता पळता बकरीच्या खुंटीला अडखळून पडली. गुडघा खरचटला. चंद्रकलाने हातातलं टोपलं टाकलं आणि दोन्ही हात पसरले. पोरगी रडत रडत उठली, त्या हातांच्या बाजूने वळसा घालून गेली आणि जावेच्या मांडीत शिरली. जावेने तिला पदराखाली घेतलं. मग जावेला माझ्यासमोर अवघडल्यासारखं झालं. “तुही माय तं तिकडं हाये न, पोरी,” ती म्हणाली. पोरीने पदरातून तोंड काढून चंद्रकलाकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि म्हणाली, “शिश्टर.”

चंद्रकलाही हसली. गालात खळी पडली. “अख्खं गाव म्हणते, तं तेही म्हणते,” ती मला म्हणाली आणि पुन्हा तांदूळ धुवायला लागली.

“दूध?” मी विचारलं.

“नाही आलं जी. महिनाभर छातीशी लावून पाहिलं. ते रडे, मी रडे. मग सोडून देल्लं.”

जाऊ लेकरांना घेऊन मागच्या दारी गेली. आम्ही दोघीच उरलो.

“चंद्रकला,” मी म्हटलं, “त्या दिवशी तू खुबे बरोबर पाहिले होतेस.”

“हो जी. मालूम हाये मले.”

“केव्हापासून?”

“तवाच. तुमी बाळाकडं पाहतच नव्हत्या जी. माह्या पिशवीकडं पाहत होत्या.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलून काय करू जी? सही तं तुमालेच करायची होती.”

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती तांदळातले खडे वेचत होती.

“डॉक्टर आठ दिवस नाहीत हे मला माहीत होतं,” मी म्हटलं. “तू राहायला हवी होतीस मला. घरात कुणीतरी हवं होतं. दुसरं काहीच कारण नव्हतं.”

एवढं बोलायला मला दहा महिने लागले होते. ती खडे वेचायची थांबली. पाणी निथळायला टोपलं कलतं धरून ठेवलं.

“एक शब्द बोलल्या असत्या जी,” ती म्हणाली. “बस्स, एक शब्द. सही घेऊन गेली असती न पोरीले घेऊन परत आली असती. महिना म्हना, दोन महिने म्हना, राहिलो असतो आमी दोघी मायलेकी तुमच्यापाशी.”



मागच्या दाराने मैना परत आली. रडणं विसरली होती. हातात कसलंसं फळ होतं, तोंड लाल झालेलं. खाटेपाशी येऊन ती माझ्याकडे टकामका बघत राहिली. चंद्रकलाने ओले हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली, “जा, बस. आजी हाये तुही.”

मला आजी कुणी म्हटलं नव्हतं. आईही नाही, मावशीही नाही. पोरगी खरोखरच खाटेवर चढली, माझ्या मांडीवर आली आणि पाठ माझ्या छातीला टेकवून बसली. एवढंसं ते वजन. डोक्याला धानाच्या कोंड्याचा वास येत होता. इतकी वर्षं मी बाळं उचलली, तपासली, परत दिली. कुठलंच माझ्या अंगावर असं रेललं नव्हतं.

दोन हात अंतरावर चंद्रकला उकिडवी बसून आमच्याकडे बघत होती.

मी पोरीला काखेत धरून उचललं आणि तिच्याकडे द्यायला गेले. पोरीने माझा पदर मुठीत पकडला आणि ओठ काढले, आता रडणार अशी.

चंद्रकलाचे हात अर्धवट पुढे आले होते. ते तिने मागे घेतले.

“राहू द्या जी,” ती म्हणाली. “बसते तिथं बसू द्या तिले.”